जाळी आणि वणवा

साहित्याच्या अध्यापनात आणि समीक्षेत आयुष्य घालविलेल्या बाईने झाडांच्या किडींविषयी आणि रोगांविषयी लिहावे, याचे कोणाला आश्चर्य वाटले तर ते गैर म्हणता येणार नाही. वनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु माझे मामा जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मुलखात, वनपाल होते. आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या सात टिपणवह्या माझ्याकडे आल्या. कचेरीच्या नोंदवह्या वेगळ्या. या त्यांच्या स्वतःच्या. सागाच्या रोपवनांत जे दिसले ते त्यांनी पाच रकाने आखून लिहून ठेवले आहे. पहिला रकाना तारखेचा, दुसरा कक्षाचा, तिसरा पान कोवळे होते की जून याचा, चौथा ते कसे खाल्ले गेले अथवा कसे वाळले याचा. पाचवा रकाना नावाचा. हा शेवटचा रकाना कित्येक पृष्ठांवर कोरा आहे. जेथे भरला आहे तेथे तो बहुधा पेन्सिलीने भरला आहे, आणि काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिला आहे.

आमच्या व्यवसायात नावाचा रकाना सर्वांत आधी भरला जातो. पुस्तक हाती आले की ते वास्तववादी की रूपवादी, ग्रामीण की नागर, दुर्बोध की सुबोध, हे आधी ठरते आणि वाचन मागाहून होते. त्यामुळे त्या कोऱ्या रकान्यांचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. मामांनी कथा-कादंबऱ्या फारशा वाचल्या नव्हत्या. तरीही एखादी गोष्ट ओळखणे म्हणजे काय, आणि ती भलतीच ओळखली गेली तर ते कोणाला महाग पडते, याचे जे काही भान मला आले त्यातला मोठा वाटा या वह्यांचा आहे.

रोपवनातील रोग ओळखण्याची मूळ अडचण अशी की पाहणारा बहुधा उशिरा पोचतो. शेतकरी आपल्या पिकाजवळ रोज असतो. रोपवन मात्र शेकडो हेक्टरांवर पसरलेले असते, झाड वाढून माणसाच्या दृष्टीच्या पल्ल्याबाहेर गेलेले असते, आणि वनपालाची फेरी ठरावीक दिवसांनी होते. तो येईपर्यंत कीड आपले काम आटोपून निघून गेलेली असते. मागे उरते ती तिची खूण. सागाच्या पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. वरच्या बाजूस पांढरी भुकटी असेल तर ती भुरी. या दोन्ही बुरशी आहेत, पण पान उलटून न पाहणाऱ्याला पहिली दिसतच नाही. कोवळ्या रोपाच्या खोडावर चघळलेल्या लाकडाच्या कणांची उशीसारखी गादी चिकटलेली असेल, तर तिच्याखाली बोगद्याचे तोंड असते आणि आत खोड पोखरणारी अळी असते. तिच्या शास्त्रीय नावात आपला सह्याद्री आहे : सह्याद्रासस मलबारिकस. याच्या उलट, मोठ्या सागाच्या खोडावर वाळवीने मातीचा जाड लेप चढविलेला पाहून नवखा माणूस घाबरतो. पण ती वाळवी बहुधा वरची मेलेली साल तेवढी खात असते, झाडाच्या जिवाला तिचा उपद्रव नसतो. जे भयंकर दिसते ते भयंकर असतेच असे नाही. वह्यांतून हा धडा पुनःपुन्हा येतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण सागाच्या पानांवर जगणाऱ्या दोन अळ्यांचे आहे.

पहिली अळी हिब्लिया प्युएरा या पतंगाची. सागाला नवी पालवी फुटते त्या सुमारास हिचे पतंग येतात आणि कोवळ्या पानांवर अंडी घालतात. अळी पानाची कड कातरून तिची घडी घालते, रेशमाच्या धाग्यांनी ती शिवून टाकते आणि या आडोशातून बाहेर येऊन पान खाते. ती मोठी झाली की मुख्य शिरांखेरीज पानाचे काही उरत नाही. दुसरी अळी युटेक्टोना मॅकेरॅलिस या पतंगाची; तिच्या नावातच सागाचे शास्त्रीय नाव, टेक्टोना, सामावलेले आहे. ही पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर वाढते, जून पाने पसंत करते, आणि शिरांमधला हिरवा गर तेवढा खाऊन सगळ्या बारीकसारीक शिरा तशाच ठेवते. पानाची जाळी होते. ती जाळी वाळून तपकिरी पडली की लांबून पाहणाऱ्याला अख्खे सागवन होरपळून गेल्यासारखे दिसते.

१९७४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुटीत, मी मामांकडे होते. माझे वय बारा वर्षांचे. मिश्र जंगल तोडून सागजडी लावलेले एक रोपवन सडकेवरून दिसत असे. जीपमधून जाणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ती तपकिरी टेकडी पाहिली आणि कोणीतरी रोपवनाला आग लावली असा निष्कर्ष गाडीतून न उतरताच काढला. आग लागली म्हटल्यावर आग लावणारा हवा. टेकडीच्या पायथ्याशी गुरे चारणारा एक म्हातारा गुराखी सापडला. त्याच्यावर वनगुन्हा नोंदविला गेला आणि त्याची बैलजोडी कोंडवाड्यात गेली. दिवस धान कापून झाल्यावर बांधीत जवस आणि हरभरा पेरण्याचे होते.

मामा त्या दिवसांत दुसऱ्या बाजूच्या गावांत फिरतीवर होते. परतल्यावर ही हकीकत त्यांना कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेकडीवर गेले. मी हट्ट करून बरोबर गेले. वर पोचल्यावर त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "उन्हाकडे धर पोरी. काय दिसते ते सांग. काय झाले असेल ते सांगू नकोस." पानातून ऊन गाळून येत होते, एकही शीर तुटलेली नव्हती. मग त्यांनी एकेक गोष्ट दाखविली. जमिनीवरचे गवत हिरवे होते. खोडांच्या साली काळवंडलेल्या नव्हत्या. आग खालून वर चढते. येथे खालची झुडपे शाबूत होती आणि वरची पाने तपकिरी होती. झुडपांच्या पानांवर खसखशीसारखे बारीक दाणे पडले होते, ती अळीची विष्ठा. पानावर बोट फिरविले तर धाग्याचे जाळे बोटाला लागत होते. वणवा शिरा ठेवून पान जाळत नाही, एवढे वाक्य त्यांनी उच्चारले, आणि तेही उतरताना.

त्यांनी अर्ध्या कागदावर अहवाल लिहिला, त्याला तीन पाने चिकटविली आणि तो वर पाठविला. अठरा दिवसांनी गुन्हा मागे घेतला गेला आणि बैल सुटले. कोंडवाड्याचा आकार मात्र परत मिळाला नाही, आणि बांधीतला ओलावा तोवर उडून गेला होता. त्या वर्षी त्या शेतात रब्बी झाली नाही. मी सुटी संपून परत जाण्यापूर्वी तो गुराखी एकदा मामांच्या ओट्यावर येऊन बसला होता. मामांनी त्याला वहीतले पान उघडून दाखविले, त्यात दाबून ठेवलेली सागाची जाळी दाखविली. त्याने ती पाहिली न पाहिली आणि म्हणाला, "हे तर दरसाल होते जी, साहेब. जाळी म्हणतो आम्ही. मला कोणी विचारलंच नाही."

त्या तारखेच्या नोंदीत पाचवा रकाना भरलेला आहे, आणि तो शाईने भरलेला आहे. तेथे ‘जाळी’ एवढाच शब्द आहे. शास्त्रीय नाव पुढे केव्हातरी कंसात, वेगळ्या शाईने आले आहे.

या घटनेचा दुसरा अर्धा भाग मला पुष्कळ वर्षांनी समजला. १९९० च्या दशकात एका चर्चासत्रासाठी मी केरळात गेले होते आणि तेथून निलंबूरला जाऊन आले. सागाच्या रोपवनांचा इतिहास येथून सांगितला जातो. मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कोनोली यांनी १८४० च्या दशकात, चातू मेनन यांच्या देखरेखीखाली, जहाजांच्या लाकडासाठी येथे साग लावविला; त्या लागवडीचा एक तुकडा ‘कोनोली प्लॉट’ म्हणून आजही राखलेला आहे. मी गेले तेव्हा मे महिना होता, वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या, आणि नव्या पालवीवर हिब्लिया आली होती. झाडांखाली उभे राहिले असता वरून भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. तो विष्ठेचे कण पडण्याचा होता. काळ्या अंगावर नारिंगी आणि पांढऱ्या रेघा असलेल्या अळ्या धाग्यांना लोंबकळत होत्या. ही अळी थोडक्या संख्येत असते तेव्हा हिरवट असते. लाखोंच्या संख्येने आली की काळी पडते. म्हणजे तिचा रंगच तिच्या संख्येची वर्दी देतो.

निलंबूरच्या रोपवनांत पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेतील के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही अळ्यांचा पाच वर्षे अभ्यास केला होता. काही झाडे अळ्यांपासून जपली, काही तशीच राहू दिली, आणि दोघांच्या वाढीची मोजदाद केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की हिब्लियामुळे कोवळ्या रोपवनात लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ गमावली जाते. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र वाढीत लक्षणीय घट आढळली नाही. कारण सरळ आहे. पहिली अळी पान खाते तेव्हा त्या पानाचे आयुष्य अजून व्हायचे असते. दुसरी खाते तेव्हा त्याचे काम बव्हंशी होऊन गेलेले असते, थोड्या दिवसांनी ते गळणारच असते.

आता दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत. हिब्लियाने उजाड केलेला साग काही आठवड्यांत पुन्हा पालवतो. जूनच्या अखेरीस तेथून जाणाऱ्याला काही घडले होते याचा पत्ताही लागत नाही. नुकसान लाकडाच्या आत असते, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही. जाळीने तपकिरी झालेली टेकडी सडकेवरून दिसते, जीप थांबविते, अहवाल लिहायला लावते, आणि तेथे झाडाचे म्हणण्यासारखे काही बिघडलेले नसते. चांद्याच्या त्या टेकडीवर झाडाला न झालेल्या इजेबद्दल एका माणसाने एका हंगामाची किंमत दिली होती.

खुणेचा अर्थ काळावर अवलंबून असतो हे बांडगुळाच्या बाबतीत आणखी वेगळ्या रीतीने दिसते. मराठी समीक्षेत ‘बांडगूळ’ हा शब्द आम्ही शिवी म्हणून सढळपणे वापरतो. वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी ते झाडावर निरखून पाहिले असेल याची मला शंका आहे. सागाच्या रोपवनांत ते खरोखरच मोठे संकट आहे. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो. तेथे ते रुजते. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, आपले अन्न ते बऱ्याच अंशी स्वतः तयार करते. यजमानाकडून ते पाणी आणि क्षार घेते. पावसाळ्यात सागाच्या हिरव्या गर्दीत ते ओळखू येत नाही. मामांच्या वह्यांत बांडगुळाच्या सर्व नोंदी मार्च-एप्रिलच्या आहेत. तेव्हा साग निष्पर्ण असतो आणि बांडगूळ हिरवेगार. उन्हाळ्यातल्या रोपवनात जे झाड दुरून सर्वांत टवटवीत दिसते, ते सर्वांत आजारी असते. हिरवेपणा हेच येथे रोगाचे लक्षण ठरते. तीच हिरवाई जुलैत आरोग्याची खूण असते.

नाव देणे आणि कारण जाणणे या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते याचा दाखला चंदनाने दिला आहे. चंदनावरचा ‘स्पाइक’ रोग १८९९ मध्ये कूर्गमधून नोंदविला गेला. रोगट झाडाची पाने लहान होत जातात, ताठ होतात, पेरी आखूड होतात आणि फांदी काटेरी कणसासारखी दिसू लागते. फुले-फळे बंद होतात आणि काही वर्षांत झाड मरते. लक्षण इतके स्पष्ट की नाव लगेच पडले. कारण मात्र दीर्घकाळ हाती आले नाही. वणवा, अवर्षण, जमिनीचा कस, चंदन ज्यांच्या मुळांतून पोषण घेते ती शेजारची झाडे, घाणेरीची वाढ, अशा नाना गोष्टींकडे बोट दाखविले गेले. पुढे विषाणूचा तर्क प्रबळ झाला. १९६९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट झाडाच्या अन्नवाहिन्यांत वेगळेच सूक्ष्मजीव दिसले. पेशीभित्ती नसलेले हे जीवाणू आज फायटोप्लाझ्मा म्हणून ओळखले जातात, आणि रस शोषणारे तुडतुडे त्यांचा प्रसार करतात. नाव पडल्यापासून कारण दिसेपर्यंत सत्तर वर्षे गेली. त्या सत्तर वर्षांत ‘स्पाइक’ हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीतरी स्पष्ट केले असे वाटले असणार. प्रत्यक्षात त्याने दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन केले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा भेद जरूर ध्यानात ठेवावा. आमच्या परिभाषेतील कित्येक संज्ञा अशाच वर्णनाच्या आहेत आणि आम्ही त्या कारण म्हणून वापरतो.

सुबाभळीची कथा महाराष्ट्राला जवळची आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे हे झाड १९७० आणि १९८० च्या दशकांत चारा आणि जळण यांसाठी आपल्याकडे मोठ्या उत्साहाने लावले गेले. उरुळीकांचन येथील मणिभाई देसाई यांच्या संस्थेने त्याचा हिरिरीने प्रसार केला. या झाडाला कीड लागत नाही, असेही त्या काळी ऐकायला मिळे. झाड येथे आले होते आणि त्याचा शत्रू मागे राहिला होता, एवढाच त्याचा अर्थ होता. १९८८ मध्ये तो शत्रूही भारतात पोचला : सायलिड नावाचा, माव्याच्या जातकुळीतला, रस शोषणारा सूक्ष्म कीटक. कोवळे शेंडे आकसू लागले, गळू लागले. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसू लागला, आणि पुष्कळांनी तोच रोग मानला. ती काजळी ही एक बुरशी. सायलिडने टाकलेल्या चिकट गोड स्रावावर ती वाढते. ती पुसून काढली तरी शेंड्यातला कीटक आपले काम करीतच राहतो.

अशा वेळी माझ्यासारख्या, विचारांच्या व्यवहारात वावरणाऱ्या, माणसाला एक सबगोलंकार उत्तर फार मोहविते. एकाच जातीची झाडे मैलोगणती लावली, मग रोग येणारच. दोष एकसुरी लागवडीचा. मिश्र जंगल तोडून उभ्या केलेल्या रोपवनांविषयी माझ्या मनात ममत्व नाही, आणि त्या जंगलाबरोबर मोह, चार, तेंदू यांवर जगणाऱ्या माणसांचे काय गेले हे मी पाहिले आहे. तरीसुद्धा हे उत्तर पुरेसे नाही. हिब्लिया नैसर्गिक सागवनातही येते. सुबाभळीवरचे संकट लागवड एकसुरी होती एवढ्यानेच आले नाही. झाड आणि कीटक यांच्या प्रवासातील अंतराचा त्यात मोठा भाग होता. चंदनाचा स्पाइक रानात आपोआप वाढलेल्या चंदनालाही लागतो. प्रत्येक रोगाचे उत्तर एकच असेल, तर रोग ओळखण्याची गरजच उरत नाही. आणि ज्याला ओळखण्याची गरज वाटत नाही तो गाडीतून उतरत नाही.

मला या वह्यांची भुरळ पडते ती त्यांत साहित्यसमीक्षेचे रूपक सापडते म्हणून, असे कोणी म्हटले तर ते पूर्णतः खरे नव्हे. झाड ही कृती नव्हे आणि अळी हा दोष नव्हे. साहित्यकृतीतील जे आज विकृती म्हणून डोळ्यांत खुपते ते उद्या तिचे सामर्थ्य ठरू शकते. जाळी झालेल्या पानाविषयी असे काही म्हणता येत नाही. साम्य आहे ते पाहणाऱ्याच्या वागणुकीत. पान उलटून पाहणे, महिना कोणता आहे हे विचारणे, जवळ कोण राहते याची चौकशी करणे, आणि दिसलेले व अनुमानिलेले हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहिणे, एवढी शिस्त दोन्हीकडे लागते.

त्यांतील तिसरी गोष्ट शिकायला मला सर्वांत अधिक वेळ लागला. मामांनी टेकडीवर जे पुराव्यानिशी सिद्ध केले, ते त्या गुराख्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याच्याजवळ दाखला नव्हता, शब्द मात्र होता. ज्ञान आणि अधिकार यांची फारकत झाली की अशा शब्दाला कचेरीत जागा उरत नाही. तो आरोपीचा बचाव ठरतो. ग्रामीण, दलित आणि आदिवासी लेखनाविषयी गेल्या अर्धशतकात मराठीत जी समीक्षा झाली, तिच्यातील काही भाग वाचताना मला ती जीप आठवते. लांबून तपकिरी दिसलेल्या टेकडीचे निदान झालेले असते, कलम लागलेले असते, आणि पायथ्याशी राहणाऱ्याला तेथे दरसाल काय होते हे कोणी विचारलेले नसते.

समीक्षकाला चुकीच्या नावाची किंमत सहसा मोजावी लागत नाही. त्याचा लेख छापला जातो, पुढे तो संदर्भासाठी घेतला जातो, आणि विद्यार्थी ते नाव परीक्षेत लिहितात. किंमत दुसरीकडे कोठेतरी, दुसऱ्या कोणाच्या तरी बांधीत चुकती होत असते. म्हणून माझ्याकडे संशोधनासाठी येणाऱ्या मुलामुलींना मी हल्ली प्रबंधाचे शीर्षक आधी ठरवू देत नाही. ती कुरकुरतात, कारण विद्यापीठाच्या अर्जात ते सुरुवातीलाच लिहावे लागते. मी त्यांना पेन्सिलीने लिहायला सांगते.